ओट्यावरची जंत्री

माझ्या वडिलांचा जन्म सरकारदरबारी १ जून १९४३ चा आहे. मराठवाड्यातल्या मंडळींना यात काही नवल वाटणार नाही. वडिलांच्या पिढीतली, १ जूनला जन्मलेली माणसं गोळा करायची म्हटली तर आमच्याकडे मोठी जत्राच भरेल. त्याचं कारण साधं आहे. पोराला शाळेत घालायला कुणीतरी घेऊन यायचं. मास्तर विचारायचे, ‘जन्म कधीचा?’ उत्तर यायचं, ‘ज्वारी हुरड्यात होती तवाचा.’ हुरड्याची तारीख हजेरीपटात कशी लिहायची? मग मास्तर पोराला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला सांगायचे. कान हाताला लागला की पोरगं सहा वर्षांचं. शाळा जूनमध्ये उघडायची म्हणून १ जून, आणि चालू सालातून सहा वजा. झाली जन्मतारीख.

वडिलांचा हात लांब होता. कान लागला.

त्यांची खरी जन्मतारीख २८ डिसेंबर १९४४. म्हणजे १९४९ च्या जूनमध्ये शाळेत गेले तेव्हा ते साडेचार वर्षांचे होते. पुढं ३१ मे २००१ ला ते नोकरीतून निवृत्त झाले. महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला माणूस आधीच्या महिन्याच्या अखेरीलाच घरी जातो, असा नियम आहे. त्यांची दीड वर्षाहून अधिक नोकरी त्या कानानं खाल्ली. घरात दोन बहिणींची लग्नं व्हायची होती, तेव्हा हा हिशेब आम्हाला चांगलाच जाणवला.

ही खरी तारीख मला कुठल्या दप्तरात सापडली नाही. ती सापडली चार म्हाताऱ्यांच्या दुपारच्या गप्पांत. त्या गप्पांविषयीच आज बोलायचं आहे.

आमचं गाव सोलापूर-हैदराबाद रस्त्याच्या अंगाला, नळदुर्ग आणि उमरगा यांच्या मधल्या पट्ट्यात. जिल्हा तेव्हाचा उस्मानाबाद, आताचा धाराशिव. १९४८ पर्यंत हा सगळा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. इथून थोडं खाली उतरलं की कानडी सुरू होते. त्यामुळं गल्लीत तीन भाषा नांदत. आमच्या घरात दखनी, शेजारी लिंगायताच्या घरात चुलीपुढं कानडी, आणि दोन्ही घरांच्या मधे जो दगडी ओटा होता त्यावर मराठी. अर्थात ती मराठी कुठल्या पुस्तकातली नव्हती. तिच्यात बाकीच्या दोन्ही कालवलेल्या होत्या.

दुपारची भांडीकुंडी आवरली, की माझी दादी पानाची चंची घेऊन ओट्यावर यायची. शेजारची अव्वा अडकित्ता घेऊन यायची. सुपारी दादीची, अडकित्ता अव्वाचा. ही वाटणी कधी ठरली कुणास ठाऊक, पण ती शेवटपर्यंत टिकली. मग गल्लीच्या टोकाची सुतारीणआजी यायची. चौथी होती गावची सुईण. ती मात्र ओट्यावर बसत नसे, ओट्याच्या खालच्या पायरीवर बसायची. तिला पान वरून टाकलं जायचं आणि पाणी वरून ओतलं जायचं. मी लहान असताना मला त्यात काही वावगं दिसलं नाही, आणि हे मला आज सांगितलंच पाहिजे. गल्लीतली निम्मी लेकरं तिच्या हातात जन्मली होती, वर बसलेल्या तिघींची लेकरंसुद्धा.

मी तिथं असायचो ते सुई ओवण्यासाठी. हिवाळ्यात चौघी मिळून जुन्या लुगड्यांच्या वाकळा शिवायच्या. डोळे गेलेले, दोरा ओवता येईना. म्हणून एक पोरगं जवळ लागायचं. ‘ए, तुझी नजर दे रे जरा,’ असं अव्वा म्हणायची. मी नजर द्यायचो आणि कान उघडे ठेवायचो.

गप्पांची सुरुवात रोज एकाच वाक्यानं. ‘काय कालवण केलंतंस आज?’ घरोघरी बहुधा तेच असायचं, वरण नाहीतर बेसन, पण विचारायचं आणि सांगायचं. त्यावरून कुणाकडं काय संपलं, कुणाची सून माहेरी गेली, कुणाच्या म्हशीचं दूध आटलं, हे आपोआप निघायचं. कालवणाला ‘काही नाही, चटणीच वाटली’ असं उत्तर आलं, तर संध्याकाळी त्या घरात पदराआडून वाटीभर डाळ जायची. त्याबद्दल कुणी काही बोलायचं नाही. चौघी साध्वी होत्या, असं मात्र कुणी समजू नये. त्यांच्या तोंडाला लागलेली सून गावात ताठ मानेनं चालू शकत नसे. एका पोरीचं ठरलेलं लग्न या ओट्यावरच्या एका वाक्यानं मोडलेलं मी पाहिलं आहे.

या बैठकीचीही एक पूर्वपीठिका होती. पिठाची गिरणी गावात येण्याआधी बायांचं बोलणं पहाटेच्या जात्यावर व्हायचं. दोघी समोरासमोर बसून दळायच्या आणि जे सासूसमोर बोलता येत नाही ते ओवीत घालायच्या. महाराष्ट्रातल्या या जात्यावरच्या ओव्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी सहकाऱ्यांसह गावोगाव फिरून गोळा केल्या. त्यांची संख्या एक लाखाच्या वर जाते. लिहितावाचता न येणाऱ्या बायांनी केलेली एवढी मोठी रचना आहे ती. आमच्या बाजूची आणखी एक गोष्ट कमी लोकांना माहीत आहे. विजापूरच्या सुफींच्या परंपरेत दखनी भाषेत ‘चक्कीनामे’ रचले गेले, ते जात्यावर बसलेल्या बायांसाठीच. जात्याचा उभा खुंटा म्हणजे अलिफ, अल्लाच्या नावाचं पहिलं अक्षर, अशी कल्पना त्यांत येते. इतिहासकार रिचर्ड ईटन यांनी त्यांच्यावर लिहिलं आहे. दळण संपता संपता नमाजाची बांग व्हायची आणि देवळातली घंटाही. दोन्ही घरांतलं पीठ एकाच वेळी पडायचं.

गिरणी आली आणि जाती कोपऱ्यात गेली. बायांचे हात सुटले, हे फार चांगलं झालं. जात्याचं कौतुक ज्यांनी कधी दळलं नाही त्यांनीच करावं. पण बोलणं कुठंतरी जायला हवं होतं. ते दुपारच्या ओट्यावर आलं.

या चौघींना तारखा ठाऊक नव्हत्या. साल ठाऊक होतं ते नावानं. दादी मानमोडीच्या दुसऱ्या सालची. मानमोडी म्हणजे १९१८ ची इन्फ्लुएन्झाची साथ. कुणाचं लग्न ‘हाली चालू होता तेव्हाचं’. हाली म्हणजे निजामाचा रुपया. इंग्रजांच्या रुपयाला कलदार म्हणत आणि सात हालींना सहा कलदार असा भाव असे. दादीला शाळेचं तोंड माहीत नव्हतं, पण तुम्ही कुठलीही रक्कम सांगा, ती तोंडच्या तोंडी हालीची कलदार करून द्यायची. १९५७ च्या एप्रिलात नवे पैसे आले, सोळा आण्यांचे शंभर पैसे झाले, तेव्हा म्हणे गावातल्या दुकानदारानं आठवडाभर बायांना फसवलं. आठवड्यानंतर ओट्यावर हिशेब बसला आणि चौघींनी मिळून दुकानदाराकडून पैसे परत आणले.

बहात्तरच्या दुष्काळाचं नाव निघालं की चौघी सुईचा हात थांबवायच्या. मी तेव्हा दोन वर्षांचा, मला काही आठवत नाही. पण लाल मिलोच्या भाकरीची चव मी इतक्या वेळा ऐकली आहे की ती माझ्या जिभेवर आहे. रोजगाराच्या कामावर पाटलाची सून आणि सुईण एकाच ढिगावर खडी फोडत होत्या. सुकडीच्या रांगेत जात नव्हती. ‘तेवढं एक साल ही पायरी नव्हती,’ असं सुईण म्हणायची आणि पायरीवर थाप मारायची. त्यावर वरून कुणी काही उत्तर दिल्याचं मला आठवत नाही.

आता वडिलांच्या तारखेकडं येतो.

१९७६ चा डिसेंबर. मी पहिलीत होतो. नुकतीच येळवस होऊन गेली होती. पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी सांगतो. मार्गशीर्षातल्या अमावास्येला, वेळ अमावास्येला, आमच्याकडं सगळं गाव शेतात जातं. कडब्याची खोप करतात, पूजा मांडतात, भज्जी आणि आंबील खातात. जातधर्म न बघता एकमेकांच्या शेतात जेवायला जायचा हा सण. त्या वर्षी येळवस झाली आणि पाठोपाठ मोहरमचा चाँद दिसला. सुतारीणआजी म्हणाली, ‘यंदा येळवस आन् मोहरम एका माळेत आले गं.’

दादी म्हणाली, ‘मेरा बच्चा हुआ तब बी ऐसाच आयाता.’

मग वाद सुरू झाला, आणि तो माझ्या डोक्यात जसाच्या तसा बसला, कारण चौघी एकदम बोलत होत्या आणि माझ्याकडं सुया साचल्या होत्या. दादीचं म्हणणं, बाळ ताबुताच्या तिजाच्या दिवशी झालं, म्हणजे ताबूत थंडे झाले तो दिवस धरून तिसऱ्या दिवशी. अव्वाचं म्हणणं, छे, ते संक्रांतीच्या तोंडावरचं. दादीनं तिला आठवण दिली की छठी झाली आणि नंतर बाराएक दिवसांनी तू तीळगूळ घेऊन आलीस, आणि माझे चाळीस दिवस व्हायचे होते म्हणून उंबऱ्यावरूनच देऊन गेलीस. अव्वानं डोकं खाजवलं आणि ‘हौ गं बिबी, बरोबर’ म्हणून माघार घेतली. पायरीवरून सुईण म्हणाली, ‘बेस्तरवार होता. दर्ग्यात ऊद घालाया बाया चालल्या हुत्या, तवा मला बोलावणं आलं.’ दादी म्हणाली, ‘जुमेरातच थी. मैं कैसी भूलूँ?’

वडील निवृत्त झाले त्या उन्हाळ्यात मी हिजरी सनाचं कोष्टक आणि जुनं पंचांग समोर घेऊन बसलो. मला गंमत वाटत होती. थोड्या वेळानं ती गंमत राहिली नाही.

मुसलमानांचं वर्ष निव्वळ चंद्राचं. ते सूर्याच्या वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान असतं. म्हणून मोहरम दरसाल अकरा दिवस अलीकडं सरकतो आणि साधारण तेहतीस वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. हिंदू पंचांगही चंद्राचं, पण दोन-तीन वर्षांनी अधिक महिना घालून ते पुन्हा ऋतूशी जुळवून घेतं. त्यामुळं येळवस हिवाळा सोडत नाही. आणि संक्रांत सूर्याची, ती जागची हलत नाही. म्हणजे ओट्यावर तीन घड्याळं होती आणि तिन्ही वेगळ्या गतीनं चालत होती.

दादी वीस-पंचवीस वर्षांची असतानाच्या काळात येळवशीच्या पाठोपाठ मोहरम लागला तो लागोपाठ तीनदाच. १९४२, १९४३ आणि १९४४ च्या हिवाळ्यांत. आधी आणि नंतर अधिक महिन्यानं ही जोडी मोडली. तिन्हींतलं पहिलं साल बाद, कारण तेव्हा संक्रांत आधी झाली आणि ताबूत नंतर. दुसऱ्या सालात तिजाला बाळ झालं असतं तर छठीच्या दुसऱ्याच दिवशी संक्रांत आली असती. तिसऱ्या सालात येळवस १५ डिसेंबरला, मोहरमचा दहावा दिवस २६ डिसेंबरला, तिजा २८ ला, छठी २ जानेवारीला आणि संक्रांत त्यानंतर बाराव्या दिवशी. मी २८ डिसेंबर १९४४ चा वार काढला. गुरुवार.

चौघींपैकी एकटीला ही तारीख सांगता आली नसती. दादीला तिजा ठाऊक होता, पण तिजा दरसाल सरकणारा. अव्वाला संक्रांत ठाऊक होती, पण कुठल्या सालची ते तिला सांगता येईना. येळवस सुतारणीनं काढली, वार सुईणीनं दिला. मराठीत आणि उर्दूत दोन्हीकडं पंचांगाच्या कोष्टकाला जंत्री म्हणतात. आमच्या गल्लीची जंत्री त्या ओट्यावर रोज दुपारी उघडली जायची, आणि तिची पानं वेगवेगळ्या घरांत ठेवलेली होती.

मी तारीख काढली तेव्हा चौघींतली एकही हयात नव्हती. वडिलांना कागद दाखवला. त्यांनी तो घडी करून चष्म्याच्या डबीत ठेवला. अर्ज वगैरे करायचा प्रश्नच नव्हता. नोकरी संपल्यावर जन्मतारीख बदलून कोण देतो, आणि साक्षीदार म्हणून कुणाला उभं करायचं?

पण या जंत्रीत एक पान कोरं होतं.

मानमोडी, हाली, नवे पैसे, बहात्तर, सगळ्यांची नावं ओट्यावर मोकळेपणानं निघत. १९४८ चं नाव निघत नसे. कधी चुकून एखादी ‘त्या सालाच्या आधी’ म्हणून जायची. मग क्षणभर अडकित्त्याचा आवाजही बंद व्हायचा. आणि कुणीतरी विचारायचं, ‘काय कालवण केलंतंस आज?’ दुपारच्या तीन वाजता, तासाभरापूर्वी विचारून झालेलं असताना.

पुस्तकात ते साल असं आहे. संस्थान भारतात विलीन व्हावं म्हणून स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली लढा चालला होता. तो दडपायला रझाकार उभे राहिले, त्यांचा म्होरक्या कासिम रझवी लातूरचा वकील. खेड्यापाड्यांत त्यांनी केलेली जाळपोळ आणि लूट मराठवाडा विसरलेला नाही, विसरूही नये. १३ सप्टेंबरला भारतीय फौजा सोलापूरकडून नळदुर्गवर आल्या आणि आमच्याच रस्त्यानं उमरग्याकडं गेल्या. १७ तारखेला निजामानं हार मानली. हा आपला मुक्तिदिन. माझ्या घरात त्याला ‘पुलिस ॲक्शन’ म्हणत, आणि तेही हळू आवाजात. कारण त्यानंतरच्या दिवसांत जे सूड उगवले गेले, त्यात रझाकार कोण आणि नुसता मुसलमान कोण, हे फार थोड्यांनी पाहिलं. त्याच सालच्या अखेरीस केंद्र सरकारनं पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांचं मंडळ पाहणीला पाठवलं. त्यांचा अहवाल अनेक दशकं बंद राहिला. २०१३ च्या सुमाराला तो दिल्लीत अभ्यासकांना पाहायला मिळू लागला. संस्थानात २७ ते ४० हजार माणसं मारली गेली असावीत, असा त्यांचा अंदाज आहे, आणि सर्वाधिक झळ पोचलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबादचं नाव आहे. जिवावर उदार होऊन मुसलमान शेजाऱ्यांना वाचवणाऱ्या हिंदूंची नोंदही त्याच अहवालात आहे.

मला हे सगळं छापील अक्षरांतून कळलं, तेही फार उशिरा. ओट्यावरचं मला कळलं ते तुकड्यांनी, आणि ओट्याबाहेर. अव्वाचं माहेर त्या उन्हाळ्यात रझाकारांनी जाळलं होतं. तिचे वडील त्या आगीतून वाचले, पण पुन्हा नीट बोलले नाहीत. आणि दादीचा धाकटा भाऊ सप्टेंबरात बैल पाहायला म्हणून शेतात गेला, तो परत आला नाही. तो कुठल्याच संघटनेत नव्हता. एकदा सुईणीला तिच्या घरापर्यंत सोडायला गेलो असताना तिनं मला सांगितलं, की त्या आठवड्यात दादी आणि तिची तिन्ही लेकरं तीन रात्री अव्वाच्या घरातल्या बळदात होती. बळद म्हणजे जाड भिंतीच्या पोटातली धान्याची पोकळी, वरून उतरायची. अव्वा वरून भाकरी सोडायची. माझे वडील तेव्हा पावणेचार वर्षांचे होते. ते रडू नयेत म्हणून त्यांच्या तोंडात सतत गूळ ठेवला होता. वडिलांना गूळ चालत नाही. का चालत नाही हे त्यांना माहीत नव्हतं.

म्हणजे पाहा, जिचं माहेर जळलं ती आणि जिचा भाऊ गेला ती, या दोघी पुढं जवळजवळ पन्नास वर्षं एका अडकित्त्यानं सुपारी खात बसल्या. त्यांनी एकमेकींना काही विचारलं असेल का? विचारलं असेल तर माझ्यासमोर नाही. पूर्वी मला वाटायचं, ही भीती आहे. मग वाटायला लागलं, हा मोठेपणा आहे. आता यातलं कुठलंच लेबल मी लावत नाही. त्यांना उद्या दुपारी पुन्हा तिथंच बसायचं होतं, एवढं मात्र खरं.

ओटा गेला तो भूकंपानंतर. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतर गावं झोपली असताना, किल्लारी-सास्तूरच्या पट्ट्यात जवळजवळ दहा हजार माणसं गेली. मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि त्यांवरची जडशीळ माळवदं, ह्याच घरांनी माणसं मारली. आमच्या गावात मरण नव्हतं, पण भिंती फाटल्या. अव्वाच्या बळदाची भिंतही फाटली. सगळ्यांनी माळवदं उतरवून पत्रे घातले, आणि ओट्याचे दगड त्या कामात गेले. बावन्न गावं तर पूर्णपणे नव्या जागी वसवली गेली. सुतारीणआजी अशाच एका नव्या गावात लेकीकडं राहायला गेली. महिन्या-दोन महिन्यांनी एसटीनं यायची. तिथं सरळ रस्ते आहेत, घराला मोकळी जागा आहे, पाऊस पडला तरी भीती वाटत नाही, असं ती सांगायची. आणि मग म्हणायची, ‘पण बोलायचं झालं तर रस्ता वलांडून जावं लागतंय, आन् रस्ता वलांडून गेलं की पावणं म्हणून चहा ठिवत्यात.’ आराखडा करणाऱ्यांना मी दोष देत नाही. त्यांना माणसं वाचवायची होती. चहा न ठेवता बसायची जागा कुठल्या नकाशात कशी दाखवणार?

भूकंपाच्या दुसऱ्या वर्षी मी सुट्टीत घरी गेलो होतो. अव्वा पत्र्याच्या दारात एकटीच खुर्चीवर बसली होती. दादीला तेव्हा उठवत नव्हतं. तिच्यासाठी सुपारी कातरून डबीत घालून द्यायची, एवढं काम अव्वानं चालू ठेवलं होतं. मी सहज विचारलं, ‘अव्वा, अब्बांना शाळेत तूच घातलंस ना? मग मास्तरला खरं का नाही सांगितलंस, की पोरगं साडेचार वर्षांचं आहे?’

दादी त्या वर्षभर घराबाहेर पडली नव्हती, हे मला तोवर कळलं होतं. आजोबा हैदराबादेत अडकले होते. अव्वा आपल्या थोरल्याला शाळेत घालायला निघाली, तेव्हा दुसऱ्या हाताला माझे वडील होते.

ती बराच वेळ सुपारी कातरत राहिली. मग म्हणाली, ‘मास्तरनं इचारलं, मी म्हटलं, लिवा. कान धर म्हणाले, मीच त्याचा हात वढून धरला. पटावर नाव पायजे हुतं त्याचं. शाळंचं पोरगं म्हटलं की कुणी कुणाचं म्हणून इचारत नव्हतं.’

मी पुढं काही विचारणार, तेवढ्यात तिनं डबीचं झाकण लावलं, ती माझ्या हातात दिली आणि म्हणाली, ‘ने बिबीला. काय कालवण केलंय आज तुझ्या मायनं?’

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)